धानाच्या झुमक्याचा भाव

४ सप्टेंबर, गुरुवार

विकले! पंधराच्या पंधरा जोड्या! धानाचे झुमके, माझ्या हातचे. एकेक दाणा निवडायचा, जरीच्या दोऱ्यानं बांधायचा, रंग द्यायचा, हूक लावायचा.

इथल्या शंकर नगरात, नागपूरच्या नाही, सोनिया मॅडमचं दुकान आहे. आत इतकं थंडगार की चप्पल बाहेर काढावी की काय, समजेना. मी तोंड उघडायच्या आत आमचे हे बोलून मोकळे — "बीस-बीस रुपया दे दीजिए, घर का ही काम है." बाई इतक्या लवकर हो म्हणाली, तवाच मले समजाले पाहिजे होतं.

हे रेल्वेच्या हिशेब ऑफिसातले. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, अजून भाजीवाल्याच्या चिठ्ठीवर सही मागतात. घरी येऊन मले कागद दाखवला. धान एक रुपया, दोरा पाच, हूक चार, गोंद आन् रंग चार. जोडीमागं एकूण चौदा, नफा सहा. खाली लिहिलं — मजुरी, शून्य. शून्य बी कसा, बांगडी ठेवून काढल्यासारखा गोल!

५ सप्टेंबर

नात रीनाले मराठी समजते, बोलते हिंदी. कागद पाहून म्हणाली, "आजी, और आपका टाइम?"

उत्तर यांनी दिलं. "तिचा कायचा टाइम? ती तं रिकामीच असते."

हे सांगताना हातात मी दिलेला चहा होता.

रीनानं फोनमधलं घड्याळ लावून मले बसवलं. एक जोडी — एक तास चाळीस मिनिटं. मधात यांचा चष्मा शोधून दिला, यांच्या मित्राले, मारोतीभाऊले, पाणी दिलं. ते पोट्टीनं वजा केलं. लय हुशार आहे. माझ्यावर गेली.

७ सप्टेंबर

न्हाणीघराचं काम चालू आहे. विटा उचलाले रेजा येते, हसरी मजूरबाई. तिले दिवसाचे चारशे. तास आठ. म्हणजे तासाचे पन्नास! चौथीपर्यंत शिकली मी, पण भागाकार कसा झटकन आला!

यांले विचारलं, रेजाले देता ते काहून देता? म्हणाले, ती बाहेरची आहे.

बाहेरची असती तं मी बी सुखी असती.

भाव ठरला. सामानाचे चौदा, हाताचे त्र्याऐंशी, वरचे तेवीस माझ्या डोळ्यांचे. जोडी एकशेवीस!

९ सप्टेंबर

आता प्रत्येक कामाचा भाव लिहाची खोडच लागली. यांच्या सदऱ्याचं बटन — चार रुपये. यांची ऑडिटची गोष्ट, तो साहेब अन् ते हरवलेलं रजिस्टर, सव्वा तास — साडेबासष्ट. लग्नापासून ऐकून राहिली, मागची बाकी सोडली. शेजारची इंदू सुनेचं गाऱ्हाणं घेऊन येते, तिले मात्र फुकट. मले मजा येते.

१३ सप्टेंबर

यांनी पैज लावली. म्हणतात, दहा मिनिटांचं काम आहे, तू उगा गोंजारत बसते. दिलं सामान समोर. म्हटलं, करा.

१४ सप्टेंबर

करून राहिले.

१५ सप्टेंबर

अजून करून राहिले. गोंद मिशीले लागला. दाणे खाली सांडले, तं चिमण्यांचं भलं झालं. दोनदा मले विचारलं, गाठ कशी मारतात? शिकवणीचे पंचवीस लिहिले.

१६ सप्टेंबर

झाला एकदाचा! एकच झुमका, जोडी नाही. एका बाजूनं पोट सुटलेलं. रीनानं हसू दाबून विचारलं, "आबा, इसका क्या रेट?"

हे गंभीरपणे म्हणाले, "दोनशे. मेहनत लागली."

खाली बसून हसली मी. गुडघे दुखतात, तरी बसली.

२० सप्टेंबर

सोनिया मॅडमचा फोन. मागचे सगळे खपले, अजून पन्नास जोड्या पाहिजे. मी भाव सांगितला. ती म्हणाली, "अम्मा, है तो धान ही ना? इतने में तो दो किलो चावल आ जाएगा."

मी म्हटलं, "तो चावल लटका लीजिए कान में."

तिनं फोन ठेवला.

हे तिथंच उभे होते. "घालवलं गिऱ्हाईक," म्हणाले अन् पेपर उघडला. उलटा नव्हता, पण वाचत नव्हते.

मी हसली खरी. मंग ट्रंक उघडून बसली. आधीपासून करून ठेवलेल्या साठ जोड्या तयार आहेत. कोणीच नाही घेतल्या तं यांचा शून्यच खरा ठरल.

२३ सप्टेंबर

हे म्हणतात, पन्नासवर ये. नाही येत.

२५ सप्टेंबर

नागपूरहून चित्राचा फोन, माझ्या बहिणीची सून. दीक्षाभूमीकडच्या रस्त्यावर धम्मचक्र दिनाले ती विक्रीचा टेबल लावते. रीनानं तिले फोटो पाठवले होते, मले न सांगता! अर्धा टेबल देते म्हणाली. विचारलं, एकशेवीस जास्त तं नाही? ती म्हणाली, "मावशी, तुम्ही या तं. भाव तुम्हीच सांगा, मी मधात बोलणार नाही."

मधात बोलणार नाही! असं मले या घरात कोणी म्हटलं नाही.

यांनी विचारलं, मंग जेवणाचं काय? गॅस कुठं आहे ते दाखवून दिलं.

२९ सप्टेंबर, सोमवार

सारा जन्म यांच्या रेल्वे पासवर फिरली, सोबत म्हणून. आज खिडकीवर स्वतः पैसे दिले. नागपूर, एक.

यांनी तिकीट उलटंपालटं करून पाहिलं. म्हणाले, "परतीचं नाही काढलं?"

म्हटलं, माल खपल्यावर पाहू.