माझ्या नावाचा ईसीजी

७ एप्रिल
आजपासून रोजनिशी. डॉक्टरपेक्षा बरी, उलट प्रश्न विचारत नाही. तीन दिवसांपासून छाती धडधडून राहिली, बसल्या बसल्या. वय एकतीस, म्हणजे हार्टचा सवालच नाही. गर्मी असेल. उद्यापासून चाय बंद.

८ एप्रिल, सकाळ
चाय घेतली. एकदम सोडली तर शरीराले शॉक बसते. गुडाखू चालू आहे. तंबाखूचं असलं तरी शेवटी मंजनच. दिवसातून पाचदा दात घासणाऱ्याले व्यसनी कोण म्हणेल?

११ एप्रिल
रसमड्याच्या एका फॅक्टरीत ठेकेदाराकडे काम पक्कं. सुरत झालं, रायपूर झालं, आता टिकायचं. पण गेट पाससाठी मेडिकल पाहिजे, ईसीजीसकट. बहीण रश्मी म्हणे, "बरंच झालं, या निमित्तानं तुही छाती तरी कोणी पाहीन. बाबा चव्वेचाळीसले गेले, यार्डात, ड्यूटीवर." मी म्हटलं, बाबा टेन्शन घेत. मी घेत नाही.

१३ एप्रिल
मेडिकललेच निघालो होतो. सिविक सेंटरच्या मार्केटात एक जण जुनी बाइक विकून राहिला होता, ती पाहण्यात दुपार गेली. घ्यायची नव्हतीच. मग गुपचुप खाल्ले, म्हणजे आपली पाणीपुरी. मग धडधड. अशा हालतीत ईसीजी काढणं म्हणजे मशीनवर अन्याय.

१५ एप्रिल
रस्ता निघाला. लहानपणचा दोस्त रूपेश रोज पाच किलोमीटर धावते. तो माझ्या नावानं जाऊन ईसीजीच्या टेबलावर झोपला. आधी भ्याला, "अबे भूषण, पकडल्या गेलो तर?" मी म्हटलं, हृदयावर का नाव लिहिलेलं असते? रिपोर्ट नॉर्मल! समोसे खाऊ घातले.

१६ एप्रिल
रिपोर्ट रश्मीले दाखवला. तिनं देवापुढं ठेवला, हळद-कुंकू लावलं. म्हणे, "रात्रभर झोप नव्हती रे मले." मलेही हलकं वाटलं. धडधड कमी आहे. नॉर्मल रिपोर्टचा गुण येतेच.

२९ एप्रिल
फॅक्टरीत जिना चढताना दोनदा बसलो. मागून कोणीतरी ओरडलं, "दूल्हे राजा, डोली मंगवाएँ क्या?" मी मोबाइलवर रिपोर्टचा फोटो दाखवला. सगळे आपापल्या कामाले लागले. पेपर असला की माणूस बोलत नाही.

६ मे
डावा जबडा दुखून राहिला. चढलं की दुखते, बसलं की थांबते. अक्कलदाढ. तिथं गुडाखू जरा जास्त वेळ दाबून धरला. डावा हातही जड, त्याच कुशीवर झोपतो ना. रूपेश म्हणे, "भाऊ, आता तुहा स्वतःचा काढ. मी सोबत येतो, हात जोडतो." मी म्हटलं, एकाच कॉलनीतले आपण, एकाच नळाचं पाणी पेलो, तुहा-माहा वेगळा कावून येईल? रविवारी पाहू.

८ मे, रविवार
पाहिलं नाही. झोप लागली. घाम फार आला. कूलरमध्ये पाणी नसेल.
(पाणी होतं.)

१० मे, हॉस्पिटल
काल जिन्यावर पडलो. थोडकंच लिहितो, हाताले सलाइन लागली आहे. डॉक्टर मॅडमनं माझा ईसीजी काढला. कागद लांब निघाला. त्या वरून खालपर्यंत वाचत होत्या. तेवढ्यात रश्मी धावत आली, पिशवीतून कुंकू लागलेला रिपोर्ट काढला. "मॅडम, महिन्याआधी सगळं बरोबर होतं हो!" मॅडमनं दोन्ही कागद बाजूबाजूले धरले. म्हणे, इतक्या लवकर इतकं कसं बिघडलं? मी म्हटलं, मशीन जुनी असेल. मग छातीत पुन्हा आवळलं. तेव्हा सांगितलं, तो माझा नाही.
मॅडम रागावल्या नाहीत. तिथंच जास्त भीती वाटली.

११ मे
एक अटॅक आधीही येऊन गेला म्हणे, कधी ते आता कळायचं नाही. उद्या अँजिओग्राफी. किती नसा बंद ते पाहून ठरवतील. मी रश्मीले म्हटलं, स्टेंट टाकून आठवड्यात कामावर. तो रिपोर्ट माझा नाही हे ऐकल्यापासून ती माझ्याशी बोलली नाही.
संध्याकाळी नर्स फॉर्म घेऊन आली, नाव विचारलं. मी तोंड उघडायच्या आधी रश्मीनं माझं आधार कार्ड तिच्या हातात ठेवलं.
म्हणे, "चेहरा पाहून घ्या."
नर्सनं खरंच पाहिला. कार्डाकडे, माझ्याकडे, पुन्हा कार्डाकडे. फोटो सात वर्षांआधीचा. तिले जरा वेळ लागला.