कुस्तीच्या टायपातलं पाणी

७ मार्च १९८३
सरकारी कचेरीतून नदीच्या पाण्याचं पत्रक छापायला आलं. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून बोटं दुखली, वाक्य काही संपेना! 'सदर नदीपात्रातील जल रासायनिक द्रव्यांच्या संसर्गामुळे मानवी प्राशनास तूर्त अयोग्य...' पहिला पूर्णविराम अकराव्या ओळीत. तेही बारीक टायपात. कोण वाचणार हे? खालच्या गावांत बायका आजही तेच पाणी भरतायत.

मालकांना म्हटलं, सोपं करू या. गोमटेशआण्णा खेकसले, "कुलसुम, मजकुराला हात लावायचा न्हाय! कंपोझिटर हाईस, कलेक्टर न्हवं."

९ मार्च
लावला हात! आण्णा लग्नाला गारगोटीला गेलते. कुस्त्यांच्या जाहिरातींचा मोठा लाकडी टाइप काढला आणि जुळवलं: नदीचं पाणी पिऊ नका. उकळूनही पिऊ नका. विहिरीचं प्या. – उकळून चालत नाही, हे कचेरीतल्या साहेबांनी नवव्या ओळीत दडवलं होतं! खाली घागर, तिच्यावर जाड फुली.

साहेबांचं पत्रकही छापलं, जसंच्या तसं. कचेरीचे शिपाई पिराजीमामा दोन्ही गठ्ठे घेऊन गेले. "ह्ये मोटं आदी चिकटवतो. ह्ये मलाबी वाचाय येतंय की."

१२ मार्च
पिराजीमामा सांगत होते – चावडीपुढं पोरं जमली, "कुस्त्या कंदी हायत?" म्हणत. वाचलं आणि घरी पळाली, घागरी ओतून टाकायला. दिवसभर हसत होते मी.

१४ मार्च
साहेब छापखान्यात. "शासनाचं पत्रक आहे की तमाशाची जाहिरात?"

म्हटलं, मी छापलं. लोकांनी वाचलं ना?

ते गेल्यावर आण्णा – "परत असलं केलंस तर घरी बसायचं." बसेन! अब्बा गेल्यापासून घर माझ्या पगारावर आहे, तरी बसेन.

१६ मार्च
खालच्या गावची धोंडुबाई भिंतीवरचं पत्रक सोलून घेऊन आली. वाटलं, शाबासकी देईल. तिनं ते आण्णांच्या टेबलावरच पसरलं. "पिऊ नगा म्हणून झ्याक लिवलंय. पर घाण सोडतंय कोन, त्ये कुटं हाय?"

साहेबांचा मजकूर चार वेळा वाचला. कुठंच नाही. आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं! लाज वाटली.

कोण सोडतंय, हे गावाला ठाऊक आहे – नदीकाठचा कारखाना. त्या कारखान्याची कॅलेंडरं आण्णाच छापतात. धोंडुबाई गेली, आण्णांनी ते पत्रक घडी घालून खिशात ठेवलं.

१७ मार्च
सकाळी लवकर येऊन नव्या पत्रकासाठी त्याच लाकडी टायपात कारखान्याचं नाव जुळवायला घेतलं. आण्णा कधी मागं येऊन उभे राहिले, कळलंच नाही.

"खाली आपल्या छापखान्याचं नाव बी घाल," म्हणाले.