टाचणातली नदी

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आता मीही मुख्याध्यापिका आहे आणि इतरांच्या टाचणवह्यांवर सह्या करते, हे ऐकून तुम्ही हसाल. उद्या वर्गात काय आणि कसं शिकवायचं ते आदल्या दिवशी लिहून ठेवणं म्हणजे निव्वळ कागद काळे करणं, असं तावातावानं म्हणणारी मीच ती. आज नव्या सरांनी मोबाईलवरून जसंच्या तसं उतरवलेलं टाचण समोर ठेवलं, आणि मला त्यांच्यावर रागवताच येईना.

सेलूजवळच्या आपल्या शाळेतलं माझं पहिलं वर्ष. गंगाखेडच्या मैत्रिणीची वही आणून मी महिन्याचं टाचण एका रविवारी उतरवून काढलं होतं. तुम्ही चष्मा लावून पानं उलटता आहात आणि मी कौतुकाची वाट बघत उभी आहे. "मुलांना नदीवर नेऊन मासे दाखवणे," तुम्ही मोठ्यानं वाचलंत. "मॅडम, आपल्या गावाला नदी कव्हा आली वो?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र पोट धरून हसलात, डब्यातलं धपाटं माझ्या हातावर ठेवलंत आणि सही न करताच वही परत दिलीत. "अक्षर लय चांगलं हाय. पण हे कुणासाठी लिहायलाव? साहेबासाठी का लेकरांसाठी?"

त्याच आठवड्यात माझ्या चौथीतली एक मुलगी यायची बंद झाली. भारी प्रश्न विचारायची ती. ढग खाली का पडत नाही, पाण्याला चव का नसते. ती का येत नाही, असं तुम्ही विचारलंत. "कापूस वेचायला जाते," मी म्हणाले. संध्याकाळी तुम्ही तिच्या घरी गेलात आणि दुसऱ्या दिवशी तिला हाताला धरून वर्गात आणलंत. मग माझ्या वहीत स्वतः एक ओळ लिहिलीत, 'ही आज काय विचारील?' आणि म्हणालात, "रोज एवढं लिहीत जा. बाकी कमी असलं तरी मी सही करते."

लिहू लागले. अंदाज बहुतेक चुकायचेच, पण ते बांधायला धडा तिच्या डोळ्यांनी वाचावा लागायचा आणि मला काय काय येत नाही ते घरीच कळायचं. एकदा तिचा प्रश्न मी लिहिला होता तोच निघाला. आम्ही दोघी इतक्या खूश झालो की घंटा ऐकूच आली नाही. मास्तरकी मला तिथून आवडायला लागली बाई, आणि ती तुमच्यामुळे. तुमची फार आठवण येते.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? पण एक सांगायचं राहिलं. ती कापसासाठी थांबली नव्हती. उत्तर येत नव्हतं म्हणून मीच तिला सगळ्यांसमोर "फार शहाणी झालीस का?" म्हणून खाली बसवलं होतं. तिनं तुम्हाला ते सांगितलं असेलच. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाही. पण तिलाही ठाऊक नव्हतं ते हे, की ती आली नाही ते चार दिवस मला हायसं वाटलं होतं.