खंडेनवमीला धुतलेल्या बरण्या

आश्विन शु. ५, शके १८७७. जळगाव
वर्गात तीन गर्भ दाखवले: कोंबडी, डुक्कर, माणूस. तिघांना शेपूट, तिघांच्या गळ्याशी माशाच्या कल्ल्यांची आठवण करून देणाऱ्या त्याच घड्या. म्हटलं, "घराणं एकच, वाटण्या पुढे झाल्या." पोरं हसली. विभागप्रमुख (वि.प्र.) दाराशी उभे होते. नंतर म्हणतात, "माणसाला शेपूट असतं हे मुलींसमोर बोलत जाऊ नका." हा प्राणिशास्त्राचा प्रमुख! जन्मभर बेडूक फाडले, अक्कल बेडकाएवढीच राहिली.
माणसाचा गर्भ कुठून आणला, विचारत होते. धुळ्याच्या डॉक्टरांकडून, एवढंच सांगितलं. आमचाच आहे, हे त्या तोंडाला कशाला सांगू.

शु. ७
सौ.ने विचारलं, "नीट आहे ना ते?" चैत्रात माहेरी, धुळ्याला, दुसऱ्याच महिन्यात पडलं. तेव्हा डॉक्टरांना तीच म्हणाली होती, "टाकू नका. ह्यांच्या पोरांना शिकायला होईल." मी कुठे बोलायच्या स्थितीत होतो. दसऱ्याला प्रयोगशाळेत येऊन बघणार म्हणते.

खंडेनवमी
मूर्खांचा बाजार. हत्यारांची पूजा म्हणून वि.प्र.नी सूक्ष्मदर्शकांना झेंडूच्या माळा घातल्या. भिंगाला कुंकू! वर "पूजेत पारोसं काही नको" म्हणून बरण्याही धुवायला लावल्या. शिपाई नामदेव आबा म्हणाले, "सायबनी सांगं, बठ्ठ्या बरण्या धुई टाक्यात. मन्हं काय चुकनं?" त्यांचं काहीच नाही. गर्भ सगळे एका परातीत, खळीने चिकटवलेल्या चिठ्ठ्या पाण्यात. नव्या चिठ्ठ्या वि.प्र.नी स्वहस्ते लावल्या. "सुबक दिसतो तो माणसाचा." कोंबडीला 'माणूस' करून ठेवलंय गाढवाने!

तोच दिवस, संध्याकाळ
कोंबडीचा डोळा भला मोठा, ती लगेच ओळखली. उरलेले दोन मात्र... भिंग घेऊन बसलो. दोन्ही आखडलेले, हातापायांचे नुसते कोंब. एकदा हा वाटतो, एकदा तो. वि.प्र.ला हसलो, आणि मी काय मोठे दिवे लावले? ज्या सारखेपणावर वर्गात मिरवतो तोच मानगुटीवर बसला. तिला काय सांगू?

दसरा
सौ. आली. वि.प्र. पुढे पुढे: "वहिनी, हा बघा माणसाचा." तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. ते चहाला गेल्यावर हळूच, "मग आपलं कोणतं?"
"या दोनांतलं एक. दुसरं डुकराचं."
वाटलं, आता रडेल. मला चार शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. ती बघत राहिली. मग माळेतले दोन झेंडू तोडले आणि दोन्ही बरण्यांपुढे एकेक ठेवला.
"त्यालाही आई असेलच की," म्हणाली.


शु. ११
वि.प्र.च्या चुकीच्या चिठ्ठ्या सकाळी काढून टाकल्या. ते म्हणतात, "मग नव्या लावून टाका एकदाच्या." डोंबल! ह्यांना काय, कुठलीही लावली तरी चालेल. दोन्ही कोऱ्या ठेवल्यात.
घरी आल्यावर सौ.ने विचारलं, "कळलं?"
"नाही अजून."
फुलं सुकलीत. काढली नाहीत. उद्या पुन्हा भिंग घेऊन बसतो.