आजोबांचा तारेचा ब्रश

लॉन्सेस्टन, ४ जून

प्रिय बाबा,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. मी मजेत आहे, घरोघरची धुराडी साफ करायचं काम जाम आवडतंय.

काल एका चिमणीतला स्टीलचा पाईप साफ करायचा होता. मी ऐटीत तारेचा ब्रश उचलला. माझी बॉस लोर्ना ओरडली, "बाई गं, नॉनस्टिक तवा तारेच्या घासणीने घासतेस का? ओरखड्यांतून पाईप गंजतो, भोकं पडतात, मग छप्पर पेटतं. पाईपच्या मापाचा प्लॅस्टिकचा घे!"

मार्चमध्ये आपल्या शेगडीच्या धुराड्याच्या नव्या पाईपमध्ये मीच आजोबांचा तारेचा ब्रश फिरवला होता. तू नको म्हणत होतास.

खोकला कसा आहे? जून लागला, हिवाळ्याची थंडी वाढलीय, माहितीय. तरी शनिवारी मी येऊन पाईपमध्ये कॅमेरा सोडून बघेपर्यंत शेगडी पेटवू नकोस. तोवर शेजारच्या मॉर्वेनाकाकूकडे झोपायला जा. कमीपणा वाटला, तर पोरीने घोळ घातला म्हणून सांग.

तुझीच,
टॅम्सिन