गिळलेला ठोका

अण्णा, रविवारची सकाळ होती. मी अंगण सारवून हात धुतले होते, शेळीपुढं पाला टाकला होता, आणि तुम्ही ओट्यावरून विचारलंत, "पिठाचा डबा मोकळा झाला का गं?" डबा मोकळा नव्हता. तळाशी चार भाकरींचं ज्वारीचं पीठ होतं. आईनं ते परातीत काढलं, डबा फडक्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला. तुम्ही तो मांडीवर उपडा घेऊन बसलात, शेजारी टेप ठेवलात. तेवढ्यात मास्तरांची सायकल दारात येऊन टेकली. चर्चची घंटा व्हायला अजून तासभर होता आणि तो तास तुम्हा दोघांच्या भांडणाचा होता.

तुम्ही शेवगावच्या बँडपार्टीत ड्रम वाजवायचात. मास्तर मिशनच्या शाळेत गाणं शिकवायचे आणि चर्चमध्ये पेटी वाजवायचे. तुमच्यात एक गोष्ट सारखी होती, तो विलायती बँड. त्याची कॅसेट तुम्हाला नगरच्या कॅम्पातल्या एका लग्नात मिळाली होती. वरात संपल्यावर एका साहेबानं तुम्हाला जवळ बोलावलं, आपल्या जीपमधून ती काढली आणि तुमच्या हातात ठेवली. हजारो माणसांपुढं वाजवताना केलेलं रेकॉर्डिंग होतं ते. मास्तरांकडं त्याच बँडची दुसरी कॅसेट होती, स्टुडिओत बसून काढलेली, आणि ते म्हणायचे की खरी तीच. "तिच्यात बघ, एक सूर इकडचा तिकडं न्हाई. तुझ्या कॅसेटमधी निस्ता आरडाओरडा." तुम्ही हसायचात. "खोलीत बसून कुणीबी चोख वाजवील, मास्तर. रस्त्यावर वाजवा, मंग कळतंय. तुमची पेटी कधी घोड्याच्या मागं चाललीय का?"

तुमच्या कॅसेटमध्ये मधोमध एक भोक होतं आणि ते मी पाडलं होतं. त्याआधी तिथं ड्रम होता. बाकी सगळे थांबायचे आणि तो माणूस एकटाच कितीतरी वेळ वाजवायचा. मी बँडवाल्याची मुलगी. वरातीत कर्णेवाल्यांचा दम संपला की ते कर्णे काखेत मारून चालतात आणि पुढच्या गाण्यापर्यंत नुसता ड्रम चालू राहतो, एवढं मला माहीत होतं. मला वाटलं, इथंही तसंच असणार, गाणाऱ्यांची दम खायची जागा, तिथलं काही गेलं तर कुणाला कळणार नाही. म्हणून माझा आवाज कसा येतो ते ऐकायला मी तिथंच लाल बटण दाबलं आणि चर्चचं एक गाणं म्हटलं. दोन ओळींनंतर शब्द आठवेनात. पण बटण बंद करायचं मला सुचलं नाही. पुढं नुसती शेळी ओरडते आणि आईच्या भाकरीचा थापथाप आवाज येतो.

तुम्ही ते ऐकलंत तेव्हा मला मारलं नाही. टेप बंद केलात आणि म्हणालात, "ती मोकळी जागा न्हवती, बाय." एवढंच. त्यानंतर दर रविवारी टेप त्या जागी आली की तुम्ही डबा घ्यायचात आणि गेलेलं सगळं स्वतः वाजवायचात, माझ्या दोन ओळींवरून, शेळीवरून, भाकरीवरून. तुमचं वाजवणं संपतं आणि त्याच क्षणी टेपमधला बँड पुन्हा सुरू होतो. दारावरून जाणारी माणसं थांबतात. मी उंबऱ्यात बसलेली असते आणि मला वाटतं, आपल्या वडिलांना हे रोजचंच.

मास्तरांना मात्र शेवटी एक ठोका कमी वाटायचा. त्या रविवारीही तेच निघालं. "तुझा एक ठोका खाल्ला जातोय बघ. शेवटी बँड आत येतो ना, त्याच्या आदी."

"मी न्हाई खाल्ला. त्या ड्रमवाल्यानं खाल्लाय. मी हाय तसं वाजवतोय."

"एवढा मोठा बँड, हजारो लोकांम्होरं, अन् त्याचा ठोका चुकतोय व्हय?"

"चुकला न्हाई, गिळला. गिटारवाला एक ठोका आदीच आत आला. आता ह्यानं आपला हट्ट धरला आसता, तर सगळं गाणं पडलं आसतं. म्हणून आपला ठोका गिळला अन् त्याला आत घेतलं. मी ऐकलंय, मास्तर, शंभर येळा ऐकलंय."

"आता काय, टेप पुसली. काय बी सांग."

मास्तर माझ्याकडं वळले. ख्रिसमसच्या गाण्यासाठी मुली निवडायचं काम त्या आठवड्यात चाललं होतं आणि पुढच्या रांगेत एक जागा उरली होती. "हिला कान हाय," ते म्हणाले. "सांग गं पोरी, बापाचा ठोका चुकतो का न्हाई?"

मी म्हटलं, "चुकतो, मास्तर."

तुम्ही डबा हळूच खाली ठेवलात. आईनं परातीतलं उरलेलं पीठ त्यात परत भरलं. मास्तर पुढंही येत राहिले, वादही होत राहिला, पण डबा तुम्ही पुन्हा कधी मागितला नाही. टेप त्या जागी आली की तुम्ही दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसायचात आणि माझ्या दोन ओळी, शेळी, भाकरी, सगळं ऐकून घ्यायचात. ख्रिसमसला मी पुढच्या रांगेत होते.

तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. माझी शाळा सातवीत सुटली होती, हे तुम्हाला माहीतच आहे. पण इंग्रजी मी लेकीच्या पुस्तकांतून शिकले, पहिलीपासून तिच्याबरोबर. ती पुढं गेली, मी शब्दकोश घेऊन वाचत राहिले. हे कारखान्यातून येताना रद्दीतली पुस्तकं आणायचे. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. अजून तिन्हीसांजेला फाटक वाजलं की त्यांचा डबा घ्यायला मी हात पुसत बाहेर येते. दुपारी वाचते. परवा दुपारी ट्रंकेत तुमची कॅसेट सापडली आणि वरचं नाव मी एकेक अक्षर बघून मोबाईलवर लिहिलं. ते सगळंच्या सगळं तिथं होतं, अण्णा. तो दिवस, ती माणसं, तो बँड.

मी लगेच ऐकलं नाही. आधी खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचलं, शब्दकोश मांडीवर घेऊन. कुठकुठच्या देशांतली माणसं तिथं बसून भांडत होती, तुमच्यासारखीच. एकजण म्हणत होता, स्टुडिओतलंच चांगलं. दुसरा म्हणत होता, ज्यानं यांना समोर ऐकलं नाही त्यानं बोलूच नये. आणि मग खाली खाली जाताना तो ठोका आला. कुणी लिहिलं होतं की ड्रमवाला त्या दिवशी प्यायलेला होता, म्हणून एक ठोका गेला. त्याला पुष्कळांनी होकार दिला होता. त्याच्या खाली एका म्हाताऱ्यानं लिहिलं होतं की मी स्वतः त्या गर्दीत होतो, गिटारवाला आधी आत आला, ड्रमवाल्यानं त्याच्याकडं पाहिलं, हसला आणि आपला ठोका सोडून दिला. मी ते तीनदा वाचलं. शेवगावात ओट्यावर बसून, साध्या टेपवर, तुम्ही हे ऐकलं होतं. त्याचं हसणंही तुम्हाला ऐकू आलं असेल असं मला आता वाटतं.

मग ऐकलं. गुडघ्यावर बोटानं मोजत ऐकलं. ठोका जातो, अण्णा, तुम्ही सोडायचात तिथंच जातो. आणि तेवढंच नाही. मधे तुम्ही डाव्या अंगठ्यानं डब्याच्या कडेवर बारीक टकटक करायचात, ती मला तुमच्या पदरची वाटायची. ती त्याची आहे. तो काठी उलटी धरून ड्रमच्या लाकडी कडेवर ती करतो, तेही खाली कुणी लिहिलं होतं. तुम्ही एकही गोष्ट पदरची घातली नव्हती. पुसलं गेलेलं सगळं तुमच्यापाशी होतं, शेवटच्या ठोक्यापर्यंत, आणि मी समोर बसून भाकरी खात होते. मोबाईल खाली ठेवून मी नुसती बसून राहिले, दिवेलागण झाली तरी.

हे पत्र टाकायला पेटी नाही. घडी घालून कॅसेटच्या डबीत बसवते, तिथं ते मावेल. मास्तर आहेत अजून, शेवगावातच, लेकाकडं. डोळे गेलेत पण कान शाबूत आहेत. काल मी सकाळच्या एसटीनं गेले, मोबाईल त्यांच्या कानाशी धरून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवलं, आणि त्यांना सांगितलं की त्या रविवारी मी न मोजताच उत्तर दिलं होतं.