डिकीतला भोंगा

३ जानेवारी

पुन्हा तेच. बाहेर गाड्यांच्या स्पीकरपेट्यांच्या दुकानात गिऱ्हाईक, आत स्वयंपाकघरात मी, मध्ये पडदा. गिऱ्हाईक म्हणजे दातांचे डॉक्टर. दिवसभर ती बारीक किरकिर ऐकून कान किटले म्हणे, आता गाडीत असा खर्ज हवाय की सीट हलली पाहिजे. एक फेब्रुवारीला गाड्यांच्या आवाजाची स्पर्धा आहे, तिथे उतरायचंय.

माणूस नेमकं विचारणारा. "साध्या पेटीऐवजी भोंगा कशासाठी?" ह्यांनी घसा खाकरला. "त्याचं काय आहे डॉक्टर, भोंग्याची गोष्टच वेगळी." मग "चहा सांगतो हं" म्हणून आत आले. "अगं, काय सांगू?"

सांगितलं. साध्या पेटीत स्पीकरचा बराचसा जोर वाया जातो. भोंग्याच्या अरुंद घशातून रुंद होत जाताना तो हवेला नीट लागू पडतो, म्हणून तोच स्पीकर दुप्पट वाटतो. नवरोबांनी बाहेर जाऊन शब्दन् शब्द सांगितला, वर "एकोणीस वर्षांचा अनुभव आहे" ही स्वतःची भर. चहा मी नेऊन दिला. "थँक्यू वहिनी," डॉक्टर म्हणाले.

एकोणीस वर्षांत एक पेटी ह्यांनी आखलेली नाही. एक!

५ जानेवारी

डॉक्टरांची डिकी मोजली. आत वाकून टेप धरली होती, तेव्हा हे डॉक्टरांना म्हणाले, "हिला मोजमापाची फार हौस." हौस!

९ जानेवारी

चार दिवस कागदावर डोकं फोडतेय. खर्ज जितका खाली न्यायचा तितका भोंगा लांब. इथे अडीच मीटर हवा, आणि डिकी जेमतेम मीटरभर. म्हणजे हवेची वाट तीनदा दुमडायची. प्रत्येक वळणावर हवा अडखळते, तिथे कोपऱ्यात तिरकी फळी. वाट मोजायची ती मधल्या रेषेवरून, भिंतीवरून नाही. पहिल्या वर्षी भिंतीवरून मोजली होती, आख्खी पेटी वाया गेली. तेव्हा मात्र ह्यांना पेटी माझी असल्याचं बरोबर आठवलं होतं.

आणि तोंड! एवढ्या खर्जाला तोंड खरं तर दाराएवढं हवं. डिकीत दार कुठून आणणार? म्हणून भोंग्याचं तोंड मागे, डिकीच्या झाकणाकडे करायचं आणि मध्ये वीतभर जागा सोडायची. झाकण लावलं की डिकीच्या भिंतीच भोंग्याचा शेवटचा तुकडा होतात. म्हणजे मी फळ्यांचा आखते तो अर्धाच भोंगा, उरलेला गाडीच देते. हे सुचलं त्या दिवशी मी एकटीच हसत बसले होते. सांगायला कोणी नव्हतं.

१२ जानेवारी

सासूबाई ताट घेऊन उभ्या. "ते कागद उचल आधी. जेवायच्या वेळेला कसला पसारा?" उचलले. मग शेजारणीला सांगताना कानावर आलं, "आमच्या मुलाचं डोकं पहिल्यापासूनच चालतं हो, नुसतं बघून पेटी करतो." मी पोळी लाटत होते. ती जरा जास्तच पातळ झाली.

१७ जानेवारी

स्पर्धेचा फॉर्म आला. त्यात एक रकाना, पेटी कोणी आखली. सरळ विचारलं, "अहो, या वेळी माझं नाव घालाल?"

चिडले असते तर बरं वाटलं असतं. हसले. "अगं, तिथे शंभर पुरुषांत कोणी काही विचारलं तर तू बोलणार आहेस का?"

"बोलेन."

"बरं बरं, बघू."

संध्याकाळी फॉर्म टेबलावर होता. स्वतःचं नाव, ठसठशीत, खाली रेघ. मला पैसा नको, बक्षीस नको. त्या रकान्यात मी हवी होते. इतकंच मागितलं होतं आणि तेही मागावं लागलं, याचीच जास्त चीड येते.

२३ जानेवारी

पेटी बसली. हे दिव्यांच्या पट्ट्या आणायला बाजारात गेले होते. आमच्या फळ्या कापणाऱ्या सुतारकाकांनी डिकी लावली, मी पुढे बसून आवाज वाढवला. छातीत धडधड, काचा थरथरल्या. आवाजाच्या मीटरवर एकशे पंचेचाळीस डेसिबल! काका खिडकीतून म्हणाले, "वहिनी, हिला तोड नाही." काकांना माहीत आहे कोणाची ते. पण त्यांना कोण विचारतंय?

२७ जानेवारी

भोंग्याच्या तोंडात निळे दिवे बसवले आहेत. लग्नाच्या मांडवासारखं दिसतंय. हे भलतेच खुशीत. "डिकी सताड उघडी ठेवूनच वाजवू. लोकांना दिसलं पाहिजे काम."

माझ्या हातात चमचा होता. तो तसाच राहिला.

उघडी डिकी म्हणजे भोंग्याचा शेवटचा तुकडा काढून टाकल्यासारखं. आवाज उडून जाणार. ह्यांना हे ठाऊकच नाही, कारण गिऱ्हाईक गाडी चालवतं ते डिकी लावूनच. आणि दर पेटीवर मी गिऱ्हाईकासाठी चिठ्ठी डकवते, जी हे कधी वाचत नाहीत: वाजवताना डिकी बंद ठेवा. या पेटीवरची चिठ्ठी लिहून झालेली आहे. डब्याखाली ठेवली आहे.

"काय गं, गप्प का?"

"काही नाही. छान दिसतंय."

३१ जानेवारी

चिठ्ठी लावली नाही. स्वतःची लाज वाटते आहे का, हे दोनदा विचारून पाहिलं. नाही वाटत. कळू दे एकदा पेटी कोणाच्या डोक्यातून येते ते. तोंडघशी पडू देत.

१ फेब्रुवारी

सकाळी सगळे गेले. मी घरी. भाजी करपली.

१ फेब्रुवारी, संध्याकाळ

एकशे छत्तीस. शेवटून दुसरे!

सुतारकाका सोबत गेले होते, त्यांच्याकडूनच कळलं. पहिल्यांदा आकडा आला तेव्हा लोक हसले. दुसऱ्या वेळी ह्यांनी आवाज पूर्ण वाढवला, तरी तेवढाच. काकांनी हळूच म्हटलं, "झाकण लावून बघू या." तर त्यांनाच झापलं. मग माईकवाल्याने विचारलं, काय झालं, पेटी तुमचीच ना?

"आणि हे काय म्हणाले?"

काका जमिनीकडे बघत होते. "म्हणाले, मी नुसती बसवली. आखली आमच्या बायकोने."

माईकवर. सगळ्या गावासमोर. मी ज्यासाठी एकोणीस वर्षं झुरले ते असं मिळालं. मला हसू आलं, मग रडू आलं, मग पुन्हा हसू. हे घरी आल्यावर माझ्याशी एक अक्षर बोललेले नाहीत. सासूबाई मात्र बोलल्या. "तरी म्हटलं, त्याच्या हातून असं कसं होईल."

३ फेब्रुवारी

दुपारी हे नसताना डॉक्टर आले. मी पडद्याआडून म्हटलं, ते बाहेर गेलेत. तर म्हणाले, "तुमच्याकडेच आलोय."

परवा स्पर्धेहून घरी परतताना त्यांनी डिकी लावली होती आणि सहज गाणं लावलं. "आरसा निखळून मांडीवर पडला," म्हणाले. मग विचारलं, "डिकी उघडी चालत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"महिनाभर मी त्या दिवसाची वाट बघत होतो. मग सांगितलं का नाही?"

माझ्या पेटीबद्दल गिऱ्हाईकाने थेट मला विचारायची ही पहिलीच वेळ. "बोलेन" म्हटलं होतं ना मी? डब्याखालची चिठ्ठी काढली आणि पडद्याबाहेर येऊन त्यांच्या हातात ठेवली.